पेशी वाचणारा माणूस : डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ आणि लघवीची पेशी तपासणी



विज्ञानाच्या पुस्तकातला पेशींचा धडा तुम्ही वर्गात शिकवला असेल, नाहीतर घरी मुलांकडून करून घेतला असेल. कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. गालाच्या आतल्या बाजूने काडी हलकेच फिरवून आपल्याच पेशी बघायच्या. मुलं हरखून जातात. पण त्यातलाच एखादा विद्यार्थी विचारतो, की या सुट्या सुट्या पेशी बघून पुढे करायचं काय?

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असेल तर मुलांना एका माणसाचं चरित्र सांगा. शरीरातून झडून बाहेर पडलेल्या पेशी वाचायला त्याने जगाला शिकवलं. त्याचं नाव डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ. बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी जी पॅप टेस्ट करतात, त्यातलं 'पॅप' हे त्यांच्याच आडनावाचं संक्षिप्त रूप आहे. एवढं पुष्कळांना माहीत असतं. पण याच माणसाने लघवीतल्या पेशींवरून मूत्राशयाचा कर्करोग ओळखण्याची तपासणीही रुळवली, हे फारसं सांगितलं जात नाही. आज त्याबद्दल थोडं सविस्तर बघू. कारण ही तपासणी कधी उपयोगी पडते आणि कधी पडत नाही, हे घरातल्या मोठ्या माणसांसाठी आपल्याला माहीत असायला हवं.

बालपण आणि शिक्षण

जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसमधल्या एव्हिया बेटावर, कीमी या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील निकोलस डॉक्टर होते, शिवाय गावच्या राजकारणातही होते. मुलानेही डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा. जॉर्ज अथेन्स विद्यापीठातून १९०४ मध्ये डॉक्टर झाले. पण दवाखाना थाटून बसण्यात त्यांचं मन रमेना. त्यांना संशोधन करायचं होतं.

मग ते जर्मनीला गेले. येना, फ्रायबर्ग आणि म्युनिक इथे त्या काळच्या नामवंत जीवशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकले. म्युनिकला १९१० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. विषय होता डॅफ्निया, म्हणजे डबक्यात सापडणारा पाणपिसू. इतक्या बारीक जिवात नर-मादी कसे ठरतात, याचा तो अभ्यास. तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची सवय तिथेच लागली. ती आयुष्यभर सुटली नाही.

त्याच वर्षी त्यांचं लग्न आंद्रोमाखी माव्रोयेनी हिच्याशी झालं. सगळे तिला मेरी म्हणत. या बाईंचं नाव लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीत त्या आहेत.

अमेरिकेतले दिवस

बाल्कन युद्धात ग्रीक सैन्याच्या वैद्यकीय विभागात नोकरी केल्यावर पापानिकोलाऊंनी अमेरिकेला जायचं ठरवलं. १९ ऑक्टोबर १९१३ रोजी नवरा-बायको न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरले. जवळ अडीचशे डॉलर. दोघांनाही इंग्रजी येत नव्हतं.

वैद्यकीय पदवी आणि वर डॉक्टरेट असलेला हा माणूस काय करत होता? दुकानात गालिचे विकायला उभा राहिला. हॉटेलात व्हायोलिन वाजवलं. ग्रीक वर्तमानपत्रात कारकुनी केली. मेरीबाई त्याच दुकानात आठवड्याला पाच डॉलरवर बटणं शिवत होत्या. आपल्या वर्गातली मुलं पदवी म्हणजे लगेच नोकरी असं समजतात, त्यांना हा भाग जरूर सांगा.

पुढे आनुवंशिकी शास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांच्या ओळखीने पापानिकोलाऊंना न्यूयॉर्कमध्ये प्रयोगशाळेतलं काम मिळालं. १९१४ पासून ते कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करू लागले. मेरीबाई त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाल्या. पगाराची अपेक्षा न ठेवता त्यांनी वर्षानुवर्षं तिथे काम केलं.

गिनीपिगपासून माणसापर्यंत

कॉर्नेलमध्ये काम गिनीपिगवर होतं. मादीच्या शरीरात बीज कधी तयार होतं हे कळण्यासाठी त्या काळी जनावर मारून बघावं लागे. पापानिकोलाऊंना वाटलं, मारायची काय गरज? आतल्या पेशी झडून बाहेर येतच असणार, त्या बघू. त्यांनी योनीमार्गातला स्राव अलगद काढून काचपट्टीवर पसरला आणि रोज बघत राहिले. दिवसागणिक पेशींचा आकार बदलत होता. आत काय चाललं आहे ते बाहेर पडलेल्या पेशी सांगत होत्या. हे संशोधन चार्ल्स स्टॉकार्ड यांच्यासोबत १९१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

मग तेच माणसात दिसतं का, हा प्रश्न आला. नमुने देणार कोण? मेरीबाईंनी वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने दिले. पुढे रुग्णालयातल्या स्त्रियांचे नमुने बघताना काही काचपट्ट्यांवर वेगळ्याच पेशी दिसल्या. वेड्यावाकड्या, मोठ्या, गडद केंद्रकाच्या. त्या स्त्रियांना गर्भाशयाचा कर्करोग होता.

जानेवारी १९२८ मध्ये बॅटल क्रीक इथल्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश हे डॉक्टरही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले होते. पण डॉक्टर मंडळींनी फारसं मनावर घेतलं नाही. गाठीचा तुकडा कापून बघायची पद्धत असताना सुट्या पेशींवर कोण विश्वास ठेवणार? पुढची दहा-बारा वर्षं हे काम मागे पडलं.

१९३९ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबत ते पुन्हा कामाला लागले. या वेळी न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात येणाऱ्या स्त्रियांचे नमुने पद्धतशीर घेतले. १९४१ मध्ये निबंध आणि १९४३ मध्ये पुस्तक आलं. आता मात्र जगाने दखल घेतली. तोवर पापानिकोलाऊ साठीला पोचले होते.

लघवीतल्या पेशी

आता मुख्य विषयाकडे वळू. गर्भाशयाच्या पेशी झडतात तशा इतर अवयवांच्याही झडत असतील ना? मूत्राशयाला आतून पेशींचं अस्तर असतं. त्वचेचा कोंडा झडतो तशा या अस्तरातल्या जुन्या पेशी झडतात आणि लघवीवाटे निघून जातात. कर्करोग झाला असेल तर त्याच्याही पेशी त्यात येणार.

लघवीत कर्करोगाच्या पेशी सापडतात हे प्रागमधल्या लाम्ब्ल यांनी १८५६ मध्येच लिहून ठेवलं होतं. पण पेशी नीट टिकवायची, रंगवायची आणि वाचायची ठरलेली रीत नव्हती. ती पापानिकोलाऊंकडे होती. पेशी काचपट्टीवर सुकण्याआधीच अल्कोहोलमध्ये बुडवायच्या, म्हणजे त्यांचा आकार बिघडत नाही. मग रंगांच्या ठरावीक क्रमातून न्यायच्या, म्हणजे केंद्रक निळं-जांभळं आणि भोवतीचा पेशीद्रव हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी दिसतो. आजही प्रयोगशाळांमध्ये या रंगपद्धतीला त्यांचंच नाव आहे.

१९४५ मध्ये मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. व्हिक्टर मार्शल यांच्यासोबत त्यांनी लघवीच्या साक्यातल्या पेशींवरून मूत्रमार्गातला कर्करोग ओळखण्याबद्दल निबंध लिहिला. पूर्वी ज्या लघवीचा रंग, साखर आणि प्रथिनं बघितली जात, तिच्यात आता कर्करोगाच्या पेशीही शोधल्या जाऊ लागल्या.

तपासणी कशी करतात?

मुलांना समजेल अशी सांगायची तर रीत साधी आहे.

१. लघवीचा ताजा नमुना घेतात. शक्यतो सकाळची पहिली लघवी घेत नाहीत, कारण रात्रभर लघवीत राहून पेशी खराब झालेल्या असतात. बऱ्याचदा वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने मागतात, म्हणजे एका दिवशी सुटलेली पेशी दुसऱ्या दिवशी सापडू शकते.

२. नमुना यंत्रात गरगर फिरवला की पेशी तळाशी बसतात. तो साका काचपट्टीवर पसरतात.

३. काचपट्टी रंगवून तज्ज्ञ डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

बघायचं काय? मुलांना आंब्याचं उदाहरण द्या. चांगल्या हापूसमध्ये कोय बेताची आणि गर भरपूर. मूत्राशयाच्या निरोगी पेशीत केंद्रक असंच बेताचं असतं. जोमाने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशीत मात्र उलटं होतं. कोयच फळभर होते, गर नावापुरता उरतो. शिवाय केंद्रक गडद दिसतं, त्याची कड वेडीवाकडी असते आणि आतलं द्रव्य भरड असतं.

भरवसा किती ठेवायचा?

इथे जरा थांबून वाचा, कारण रिपोर्ट हातात आल्यावर हेच कामी येतं.

मूत्राशयाच्या कर्करोगाचे ढोबळमानाने दोन प्रकार धरले जातात. एक मंद, म्हणजे सावकाश वाढणारा. दुसरा जोमदार, म्हणजे पसरण्याचा धोका जास्त असलेला. जोमदार कर्करोगाच्या पेशी अस्तरापासून सहज सुटतात आणि दिसतातही वेगळ्या. त्यामुळे ही तपासणी त्यांना बऱ्यापैकी पकडते. मंद कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात आणि एकमेकींना धरूनही असतात. त्यातल्या बऱ्याचशा या तपासणीतून निसटतात.

म्हणून एक सूत्र लक्षात ठेवा. या तपासणीने 'कर्करोगाच्या पेशी आहेत' असं सांगितलं तर ते बहुधा खरं असतं. कर्करोग नसलेल्या शंभर जणांपैकी साधारण नव्वदहून जास्त जणांना ती बरोबर निर्धोक ठरवते. पण 'पेशी आढळल्या नाहीत' याचा अर्थ कर्करोग नाही, असा होत नाही. नमुन्यात पेशी सापडल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे गफलत होते ती इथेच. रिपोर्ट निल आला म्हणून घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि डॉक्टरांनी सांगितलेली दुर्बिणीची तपासणी टाळतात. लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघणं, हीच या रोगाची मुख्य तपासणी आहे. पेशी तपासणी तिची जोडीदार आहे, तिची जागा घेणारी नाही.

मग जोडीदार हवी कशाला? कारण दुर्बिणीलाही काही गोष्टी दिसत नाहीत. एका प्रकारचा जोमदार कर्करोग गाठ न होता अस्तरात सपाट पसरतो. दुर्बिणीतून बघताना तो जरासा लालसर डाग वाटतो, कधी दिसतही नाही. त्याच्या पेशी मात्र लघवीत उतरतात. मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळीत रोग असेल तर मूत्राशयाची दुर्बीण तिथवर पोचत नाही, पण पेशी खाली वाहून येऊ शकतात. हा रोग उपचारानंतर पुन्हा पुन्हा उद्भवायची शक्यता असते. त्यामुळे रुग्णावर पुढे बरीच वर्षं नजर ठेवावी लागते, तेव्हाही ही तपासणी कामाला येते.

काही वेळा ही तपासणी गोंधळतेही. जंतुसंसर्ग, मुतखडा, नुकतीच घातलेली नळी, मूत्राशयात सोडलेली औषधं यांनी निरोगी पेशीही विचित्र दिसू लागतात. बाळाला क्षयरोगासाठी टोचतात ती बीसीजी लस मूत्राशयाच्या काही कर्करोगांवर औषध म्हणून मूत्राशयात सोडतात. मुलांना ही माहिती फार आवडते. पण त्या उपचारानंतर पेशी बदलतात, म्हणून आधी काय उपचार झाले, खडा आहे का, हे प्रयोगशाळेला सांगावं लागतं. रिपोर्टमध्ये 'संशयास्पद' किंवा 'अनिश्चित' असा शेरा आला तर त्याचा अर्थ पुढे तपासा, एवढाच घ्यायचा.

हे शेरे सगळीकडे एकसारखे असावेत म्हणून २०१३ मध्ये पॅरिसच्या परिषदेत तज्ज्ञांनी एक पद्धत ठरवायला घेतली आणि २०१६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. तिचा मुख्य भर जोमदार कर्करोग सुटू नये यावर आहे. म्हणजे ही तपासणी जिथे बळकट आहे, तिथेच तिला कामाला लावलं.

रंगाचे कारखाने आणि तंबाखू

जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात असं दाखवलं. काही रसायनं शरीरात जाऊन रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात. मूत्राशयात लघवी तासन्‌तास साठून राहते आणि अस्तराला त्या रसायनांचा स्पर्श होत राहतो. पापानिकोलाऊंच्या निबंधानंतर काही वर्षांतच, १९५० च्या दशकात, ब्रिटनमध्ये अशा कामगारांच्या लघवीतल्या पेशी ठरावीक काळाने तपासायला सुरुवात झाली. नमुना द्यायला ना सुई टोचायची, ना कापाकापी. धोक्यात काम करणाऱ्या माणसासाठी ही मोठीच सोय होती. सरसकट सगळ्या लोकांची अशी तपासणी मात्र करत नाहीत. तिचा उपयोग जिथे धोका किंवा लक्षण आहे तिथे.

तशीच रसायनं तंबाखूच्या धुरात असतात. मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण धूम्रपान आहे. तंबाखूविरोधी दिनाला आपण फुफ्फुसाचं आणि तोंडाचं चित्र दाखवतो. या वर्षी मूत्राशयाचंही नाव घ्या.

अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांचं उदाहरण वैद्यकात प्रसिद्ध आहे. १९६७ मध्ये त्यांच्या लघवीतून रक्त गेलं. तपासण्या झाल्या, पण कर्करोगाबद्दल डॉक्टरांचं एकमत झालं नाही. १९७६ मध्ये मूत्राशय काढावं लागलं आणि जानेवारी १९७८ मध्ये ते वारले. त्यांच्या १९६७ च्या लघवीतल्या पेशी जपून ठेवलेल्या होत्या. १९९४ मध्ये संशोधकांनी त्या नव्या तंत्राने तपासल्या, तर कर्करोगाशी संबंधित जनुकातला बिघाड त्यात आधीच होता. पेशींमध्ये माहिती होती, ती वाचायचं साधन तेव्हा नव्हतं. आज लघवीतल्या पेशींची जनुकीय तपासणी होऊ लागली आहे, ती याच वाटेवरची पुढची पावलं.

अखेरची वर्षं

पापानिकोलाऊ जवळजवळ पन्नास वर्षं कॉर्नेलमध्ये राबले. १९५४ मध्ये त्यांनी झडलेल्या पेशींचा मोठा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. १९६१ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, ते मायामीच्या कर्करोग संस्थेची धुरा घ्यायला गेले. पण १९ फेब्रुवारी १९६२ रोजी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. त्या संस्थेला पुढे त्यांचं नाव दिलं. नोबेल त्यांना मिळालं नाही. ग्रीसने मात्र युरो येण्याआधीच्या दहा हजार द्राख्माच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं. दांपत्याला मूलबाळ नव्हतं. मेरीबाई नंतर वीस वर्षं जगल्या, १९८२ मध्ये गेल्या.

आपण काय करायचं?

या चरित्रातून चिकाटी शिका, असं सांगून धडा संपवता येईल. पण पालक आणि शिक्षक म्हणून आपल्याला आणखी एक काम आहे.

लघवी हा आपल्या घरात न बोलायचा विषय. आजोबांना लघवीतून रक्त जातं, पण दुखत नाही म्हणून ते बोलत नाहीत. दोन दिवसांनी रक्त थांबतं आणि विषय संपतो. मूत्राशयाच्या कर्करोगात बहुतेक वेळा असंच होतं. रक्त जातं, दुखत नाही, आपोआप थांबतं, काही दिवसांनी पुन्हा येतं. बाईच्या बाबतीत तर उन्हाळी लागली, पाळीचं असेल असं म्हणून आणखी उशीर होतो. बीट खाल्ल्यानेही लघवी लाल होते हे खरं, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. लघवीतून एकदा जरी रक्त गेलं, तरी दाखवायला हवं. दर वेळी कर्करोगच असतो असं नाही, खडा किंवा संसर्गही असतो. पण ते तपासल्यावरच कळतं.

शरीर जे टाकून देतं त्याची पापानिकोलाऊंनी किळस केली नाही, त्यांनी ते वाचलं. आपण निदान त्याबद्दल घरात मोकळेपणाने बोलू या.

वर्गात चर्चेसाठी

१. गिनीपिगला न मारता माहिती मिळवण्याची युक्ती पापानिकोलाऊंना कशी सुचली असेल?
२. निरोगी पेशी आणि कर्करोगाची पेशी यांच्या केंद्रकात काय फरक दिसतो? चित्र काढा.
३. 'पेशी आढळल्या नाहीत' आणि 'रोग नाही' या दोन वाक्यांत फरक काय?
४. मेरीबाईंचं नाव तपासणीला का दिलं गेलं नसेल? तुमचं मत लिहा.

तिसरा प्रश्न मुलांना घरी नेऊन आजी-आजोबांना विचारायला सांगा.